मेटा प्लॅटफॉर्म्स

मेटा प्लॅटफॉर्म्स (२०२१ पर्यंतचे नाव: फेसबुक) ही समाजमाध्यम क्षेत्रातील अमेरिकन बहुराष्ट्रीय कंपनी आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, मेसेंजर आणि थ्रेड्स या सेवा तिच्या मालकीच्या आहेत. कंपनीचे मुख्यालय कॅलिफोर्निया राज्यातील मेन्लो पार्क येथे असून सहसंस्थापक मार्क झुकरबर्ग हे तिचे अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत. कंपनीने जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या सेवांपैकी किमान एक सेवा दररोज वापरणाऱ्यांची सरासरी संख्या ३ अब्ज ३५ कोटी होती.

कंपनीच्या प्रमुख सेवा वापरकर्त्यांना विनामूल्य मिळतात आणि तिचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींतून येते. वापरकर्त्यांची माहिती, त्यांचा वेळ व त्यांचे परस्परसंबंध यांच्या आधारावर ही जाहिरात व्यवस्था उभी आहे. कंपनीची झपाट्याने झालेली वाढ आणि तिच्यावर झालेली टीका या दोन्हींचे मूळ बहुतांशी याच व्यवस्थेत आहे. खासगी माहितीचा गैरवापर, खोट्या बातम्या व द्वेषमूलक मजकूर यांचा प्रसार, मुलांच्या मानसिक आरोग्यावरील परिणाम, बाजारपेठेतील मक्तेदारी आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांकडे झालेले दुर्लक्ष हे या टीकेचे प्रमुख विषय आहेत.

स्थापना

ऑक्टोबर २००३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दुसऱ्या वर्षात शिकत असताना झुकरबर्ग यांनी 'फेसमॅश' नावाचे संकेतस्थळ तयार केले. वसतिगृहांच्या ऑनलाइन सूच्यांमधून विद्यार्थ्यांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊन त्यांपैकी अधिक आकर्षक कोण, असा कौल या संकेतस्थळावर मागितला जाई. विद्यार्थ्यांनी आक्षेप घेतल्यावर ते लवकरच बंद करण्यात आले आणि झुकरबर्ग यांना विद्यापीठाच्या शिस्तविषयक चौकशीस सामोरे जावे लागले.

त्यानंतर ४ फेब्रुवारी २००४ रोजी 'द फेसबुक' सुरू झाले. अमेरिकेतील काही शिक्षणसंस्थांमध्ये विद्यार्थ्यांची नावे व छायाचित्रे असलेल्या छापील पुस्तिकेला 'फेसबुक' म्हणत, त्यावरून हे नाव घेण्यात आले. एदुआर्दो सॅव्हरिन, डस्टिन मॉस्कोव्हिट्झ, ख्रिस ह्यूज आणि अँड्र्यू मॅककॉलम हे अन्य सहसंस्थापक होत. प्रारंभी केवळ हार्वर्डचे विद्यार्थीच सदस्य होऊ शकत. लवकरच कोलंबिया, स्टॅनफर्ड व येल या विद्यापीठांना प्रवेश मिळाला. खऱ्या नावाने नोंदणी आणि ओळखीच्या माणसांचे मर्यादित वर्तुळ ही तेव्हाच्या इतर संकेतस्थळांच्या तुलनेत फेसबुकची वेगळी वैशिष्ट्ये होती.

आपली कल्पना झुकरबर्ग यांनी उचलली, असा दावा कॅमेरॉन व टायलर विंकलव्हॉस हे जुळे बंधू आणि त्यांचे सहकारी दिव्य नरेंद्र यांनी केला. हा वाद २००८ मध्ये रोख रक्कम व समभाग मिळून सुमारे साडेसहा कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

वाढ

२००४ मध्ये पीटर थील यांनी कंपनीत ५ लाख डॉलर गुंतवले. २००५ मध्ये नावातील 'द' हा शब्द गळला आणि माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यात आला. २६ सप्टेंबर २००६ पासून १३ वर्षांवरील, ई-मेल पत्ता असलेल्या कोणालाही फेसबुकचे सदस्य होता येऊ लागले.

त्याच महिन्यात 'न्यूज फीड' ही सुविधा सुरू झाली. तोपर्यंत मित्राने काय लिहिले हे पाहण्यासाठी त्याच्या पानावर जावे लागे. आता सर्व मित्रांच्या हालचाली एकाच ठिकाणी आपोआप दिसू लागल्या. ही पाळत असल्याचे म्हणत लाखो सदस्यांनी विरोध नोंदवला. या विरोधासाठी बनलेले गट झपाट्याने वाढले ते मुख्यतः न्यूज फीडमुळेच. झुकरबर्ग यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि खासगीपणाची काही नियंत्रणे उपलब्ध करून दिली, मात्र सुविधा कायम ठेवली. नवा बदल, विरोध, दिलगिरी आणि काही दुरुस्त्यांसह बदल कायम, हा क्रम पुढील काही वादांतही दिसून आला.

२००७ मधील 'बीकन' या जाहिरात योजनेत मात्र कंपनीला माघार घ्यावी लागली. सदस्याने इतर संकेतस्थळांवर केलेल्या खरेदीची माहिती त्याच्या मित्रांना आपोआप कळवणारी ही योजना खटल्यानंतर २००९ मध्ये बंद झाली. २००९ मध्येच 'लाइक' हे बटण आले. पुढे ते इतर संकेतस्थळांवरही बसवता येऊ लागल्याने फेसबुकबाहेरील वाचनाची व खरेदीची माहितीही कंपनीपर्यंत पोहोचू लागली.

१८ मे २०१२ रोजी कंपनीचे समभाग ३८ डॉलर या दराने अमेरिकेच्या शेअर बाजारात दाखल झाले. त्या वेळी कंपनीचे मूल्य सुमारे १०४ अब्ज डॉलर ठरले. वापरकर्ते संगणकाकडून मोबाइलकडे वळत असताना मोबाइलवरील जाहिरातींचे उत्पन्न मात्र नगण्य होते. त्यामुळे काही महिन्यांतच समभागाचा दर निम्म्याहून खाली आला. कंपनीने न्यूज फीडमध्येच जाहिराती दाखवण्यावर भर दिला आणि २०१३ च्या अखेरीस जाहिरात उत्पन्नातील मोबाइलचा वाटा निम्म्यापेक्षा अधिक झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने दरमहा १ अब्ज वापरकर्त्यांचा टप्पा जाहीर केला. जून २०१७ मध्ये ही संख्या २ अब्जांवर गेली.

प्रतिस्पर्धी कंपन्यांची खरेदी हा वाढीचा दुसरा मार्ग होता. एप्रिल २०१२ मध्ये १३ कर्मचारी असलेली इन्स्टाग्राम ही कंपनी १ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सॲपच्या खरेदीसाठी १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला. २०१३ मध्ये घेतलेल्या 'ओनाव्हो' या इस्रायली कंपनीच्या ॲपद्वारे लोक मोबाइलवर कोणती ॲप किती वापरतात हे कंपनीला समजत असे. ब्रिटिश संसदेच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांनुसार, व्हॉट्सॲपच्या वाढीचा अंदाज घेण्यासाठी ही माहिती वापरली गेली होती.

व्यवसायाचे स्वरूप

मेटा आपल्याकडील माहिती थेट न विकता तिच्या आधारे जाहिरातदारांना प्रेक्षक मिळवून देते. जाहिरातदार वय, ठिकाण, आवडीनिवडी इत्यादी निकष ठरवतो. वापरकर्त्याच्या पडद्यावरील प्रत्येक जाहिरात जागेसाठी क्षणार्धात स्वयंचलित लिलाव होतो. सर्वाधिक बोली लावणाराच त्यात जिंकतो असे नाही. वापरकर्ता जाहिरातीला प्रतिसाद देण्याची शक्यता आणि जाहिरातीची गुणवत्ता यांचाही विचार केला जातो. ही शक्यता अचूक वर्तवण्यासाठी जितकी अधिक माहिती आणि जाहिराती दाखवण्यासाठी जितका अधिक वेळ मिळेल, तितके उत्पन्न वाढते.

न्यूज फीडमधील मजकुराचा क्रम अल्गोरिदम ठरवतो. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने या अल्गोरिदममध्ये मोठा बदल केला आणि मित्र व कुटुंबीय यांच्यातील संवादाला प्राधान्य देण्याचा उद्देश सांगितला. प्रत्यक्षात वादग्रस्त व संताप चेतवणाऱ्या मजकुरालाही त्यामुळे अधिक प्रसिद्धी मिळते, असे कंपनीतील संशोधकांनीच नोंदवल्याचे २०२१ मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांतून दिसले. याच कागदपत्रांनुसार २०१७ पासून काही काळ 'राग' दर्शवणाऱ्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना 'लाइक'च्या पाचपट वजन दिले जात होते. पुढे रागाच्या चिन्हाचे वजन शून्यावर आणण्यात आले.

कंपनीच्या समभागांचे दोन वर्ग आहेत. त्यांपैकी 'ब' वर्गाच्या प्रत्येक समभागास दहा मते असतात. या रचनेमुळे भागभांडवलातील वाटा मर्यादित असूनही बहुसंख्य मतांचे नियंत्रण झुकरबर्ग यांच्याकडे आहे. इतर भागधारक एकत्र आले तरी त्यांचा निर्णय बदलू शकत नाहीत, हा कंपनीच्या कारभारावरील नेहमीचा आक्षेप आहे.

प्रमुख वाद

केंब्रिज ॲनालिटिका

केंब्रिज विद्यापीठातील संशोधक अलेक्झांडर कोगन यांनी तयार केलेले व्यक्तिमत्त्व चाचणीचे ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी वापरले. फेसबुकच्या तेव्हाच्या नियमांनुसार अशा ॲपला वापरकर्त्याच्या मित्रांचीही माहिती मिळत असे. त्यामुळे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गोळा झाली असावी, असा अंदाज कंपनीने वर्तवला. ही माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार संस्थेकडे गेल्याचे वृत्त मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात हे ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते. तरीही येथील सुमारे ५ लाख ६२ हजार लोक प्रभावित झाले असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. स्वतः कोणतीही संमती न दिलेल्या व्यक्तीची माहिती केवळ तिच्या ओळखीच्या माणसामुळे बाहेर जाऊ शकते, हे या आकड्यांतून स्पष्ट झाले.

एप्रिल २०१८ मध्ये झुकरबर्ग यांची अमेरिकी संसदेच्या समित्यांपुढे साक्ष झाली. खासगीपणाबाबत २०११ मध्ये दिलेल्या हमीचा भंग केल्याबद्दल अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने जुलै २०१९ मध्ये कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

म्यानमार

म्यानमारमध्ये ऑगस्ट २०१७ पासून लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांनी बांगलादेशात आश्रय घेतला. तेथील अनेकांच्या दृष्टीने इंटरनेट म्हणजेच फेसबुक होते आणि रोहिंग्यांविरुद्धचा द्वेषमूलक प्रचार त्यावरून मोठ्या प्रमाणावर पसरला होता. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्ये कंपनीच्या प्रतिसादाला संथ व अपुरा ठरवले. बर्मी भाषा जाणणारे तपासनीस पुरेसे नसणे हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. हिंसाचार भडकवण्यासाठी झालेला फेसबुकचा वापर रोखण्यास आपण पुरेसे प्रयत्न केले नाहीत, असे कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले.

निवडणुका व राजकीय मजकूर

२०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळात रशियातील एका संस्थेने बनावट खात्यांवरून प्रसृत केलेला मजकूर सुमारे १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोहोचला असावा, असे कंपनीने २०१७ मध्ये सांगितले. त्यानंतर राजकीय जाहिरातींसाठी ओळख पडताळणी व जाहिरातींचे सार्वजनिक संग्रहालय सुरू झाले. मजकुराविषयीच्या कठीण निर्णयांचा फेरविचार करण्यासाठी एक स्वतंत्र देखरेख मंडळ २०२० मध्ये कार्यान्वित झाले. जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनमधील संसद भवनावरील हल्ल्यानंतर डोनाल्ड ट्रम्प यांची खाती स्थगित करण्यात आली. ही कारवाई योग्य, परंतु बेमुदत स्थगिती नियमबाह्य, असा निर्णय मंडळाने दिला. २०२३ मध्ये खाती पूर्ववत झाली.

फ्रान्सिस हॉगन यांचे गौप्यस्फोट

कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांवर आधारित वृत्तमालिका सप्टेंबर २०२१ मध्ये 'द वॉल स्ट्रीट जर्नल'ने प्रसिद्ध केली. काही किशोरवयीन मुलींच्या मनातील स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड इन्स्टाग्राममुळे वाढतो, असे कंपनीच्या स्वतःच्या संशोधनात आढळले होते. संशोधनाचा निवडक भाग संदर्भ सोडून मांडला गेला, असे कंपनीचे म्हणणे होते. मुलांना सेवेची सवय लागेल अशी तिची रचना केल्याचा आरोप करत ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ४१ राज्यांनी कंपनीवर दावे दाखल केले.

हीच कागदपत्रे इतर देशांच्या दृष्टीने वेगळ्या कारणाने महत्त्वाची ठरली. त्यांतील एका नोंदीनुसार चुकीची माहिती ओळखण्याच्या कामासाठी राखलेल्या वेळेपैकी ८७ टक्के वेळ अमेरिकेसाठी आणि उर्वरित १३ टक्के इतर सर्व जगासाठी होता. या आकड्यांत बाहेरील तथ्य-पडताळणी संस्थांचे काम धरलेले नाही, असा खुलासा कंपनीने केला.

भारत

वापरकर्त्यांच्या संख्येनुसार भारत ही फेसबुक व व्हॉट्सॲपची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. कंपनीचे भारतातील पहिले कार्यालय २०१० मध्ये हैदराबाद येथे सुरू झाले. या सेवा मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येतात. उत्पन्नाच्या बाबतीत चित्र उलट आहे. २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका व कॅनडातील एका वापरकर्त्यामागे सुमारे ६८ डॉलर मिळाले, तर आशिया-प्रशांत विभागात हे प्रमाण सुमारे साडेपाच डॉलर होते. बहुसंख्य वापरकर्ते एकीकडे आणि बहुतांश उत्पन्न दुसरीकडे, या विषमतेचे प्रतिबिंब सुरक्षेवरील खर्चातही पडते, असे टीकाकारांचे मत आहे.

फ्री बेसिक्स

२०१५ मध्ये कंपनीने एका दूरसंचार कंपनीच्या साहाय्याने निवडक संकेतस्थळे विनाशुल्क पाहू देणारी योजना भारतात आणली. पुढे तिला 'फ्री बेसिक्स' हे नाव देण्यात आले. गरिबांना इंटरनेटची ओळख करून देणे हा उद्देश सांगितला गेला. कोणती संकेतस्थळे मोफत असावीत हे एका कंपनीने ठरवणे इंटरनेट समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा आक्षेप घेत देशभर मोहीम झाली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भेदभाव करणाऱ्या डेटा दरांवर बंदी घातली आणि योजना भारतात बंद पडली. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने जिओ प्लॅटफॉर्म्समधील ९.९९ टक्के हिस्सा ४३,५७४ कोटी रुपयांना घेतला.

अफवा आणि राईनपाडा हत्याकांड

२०१७ व २०१८ मध्ये मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा मोबाइल संदेशांतून भारताच्या अनेक भागांत पसरल्या आणि जमावाने निरपराध लोकांना ठार मारल्याच्या घटना घडल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. भिक्षा मागून उपजीविका करणारे हे लोक सोलापूर जिल्ह्यातून तेथे आले होते.

या घटनेनंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपकडून उपाययोजनांची मागणी केली. व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणारा व ते स्वीकारणारा यांच्याखेरीज कोणालाही, कंपनीलाही, वाचता येत नाहीत. त्यामुळे मजकूर तपासून अफवा रोखणे शक्य नव्हते. कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. त्यानंतर अशा संदेशांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, आदेश मिळाल्यास संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देणे मोठ्या संदेश सेवांवर बंधनकारक झाले. त्यामुळे सर्वच वापरकर्त्यांचा खासगीपणा धोक्यात येईल, असे सांगत व्हॉट्सॲपने या तरतुदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

द्वेषमूलक मजकूर

फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीतील एका संशोधकाने भारतीय वापरकर्ता म्हणून चाचणी खाते उघडले आणि फेसबुकने सुचवलेली पाने व गट तेवढेच पाहण्याचे ठरवले. पुलवामा हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत हे खाते हिंसक छायाचित्रे, खोट्या बातम्या व टोकाच्या प्रचाराने भरून गेले. हॉगन यांच्या तक्रारीनुसार हिंदी व बंगाली मजकूर ओळखणारी प्रणाली अपुरी असल्यामुळे बराचसा मुस्लिमविरोधी मजकूर कधी हेरलाच गेला नाही. या भाषांसाठीची तंत्रे पुढे विकसित केल्याचे कंपनीने म्हटले. ऑगस्ट २०२० मध्ये सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांच्या द्वेषमूलक मजकुरावरील कारवाईस कंपनीच्या भारतातील धोरणप्रमुखांनी विरोध केल्याचे वृत्त 'द वॉल स्ट्रीट जर्नल'ने दिले. आपली धोरणे पक्षनिरपेक्ष असल्याचे कंपनीने सांगितले. संबंधित अधिकाऱ्याने ऑक्टोबर २०२० मध्ये पद सोडले.

कायदेशीर नियमन

व्हॉट्सॲपच्या खरेदीच्या वेळी दोन्ही सेवांतील खाती आपोआप जोडणे शक्य नसल्याचे कंपनीने युरोपीय आयोगाला सांगितले होते. ही माहिती दिशाभूल करणारी ठरल्याने मे २०१७ मध्ये तिला ११ कोटी युरोचा दंड झाला. युरोपातील वापरकर्त्यांची माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल आयर्लंडच्या नियामकाने मे २०२३ मध्ये १ अब्ज २० कोटी युरोचा दंड ठोठावला. भारतात, व्हॉट्सॲपच्या २०२१ मधील खासगीपणाच्या धोरणाबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. सेवा वापरायची तर माहितीच्या देवाणघेवाणीस संमती द्यावीच लागेल, ही सक्ती आयोगाने प्रबळ स्थानाचा गैरवापर मानली. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले.

इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांची खरेदी स्पर्धा संपवण्यासाठी झाली, असा दावा अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दाखल केला. स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणे बरे, अशा आशयाचा झुकरबर्ग यांचा २००८ मधील ई-मेल त्यात पुरावा म्हणून मांडण्यात आला. टिकटॉक व यूट्यूब यांच्याशी तीव्र स्पर्धा असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

नामांतर आणि पुढील वाटचाल

२८ ऑक्टोबर २०२१ रोजी कंपनीने 'मेटा' हे नाव घेतले. 'मेटाव्हर्स' या त्रिमितीय आभासी जगाला आपले भविष्य ठरवल्याचे तिने जाहीर केले. हॉगन यांच्या साक्षीनंतर काही आठवड्यांतच हे घडल्यामुळे वादांवरून लक्ष हटवण्याचा हा प्रयत्न असल्याची टीका झाली. ॲपल कंपनीने वापरकर्त्याच्या परवानगीशिवाय ॲपना त्याचा माग काढू न देण्याचे धोरण एप्रिल २०२१ पासून लागू केल्याने मेटाच्या जाहिरात व्यवसायाला फटका बसला. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी तिच्या समभागाचा दर एकाच दिवसात सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले आणि मार्च २०२३ मध्ये आणखी सुमारे १०,००० पदांच्या कपातीची घोषणा झाली. त्यानंतर कंपनी सावरली. २०२४ मध्ये तिचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलरवर गेले आणि गुंतवणुकीचा भर कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळला.

जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकेतील बाह्य तथ्य-पडताळणी कार्यक्रम बंद करून वापरकर्त्यांनीच टिपा जोडण्याची पद्धत स्वीकारली. आधीच्या व्यवस्थेत चुका व पक्षपात वाढल्याचे तिचे म्हणणे होते. खोट्या माहितीला मोकळे रान मिळेल, अशी भीती टीकाकारांनी व्यक्त केली. मुलांच्या संदर्भातील निर्बंध मात्र अनेक देशांत कडक होत आहेत. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. मुलांना उद्देशून केलेल्या लक्ष्यित जाहिरातींनाही त्यात मनाई असून कायद्याच्या भंगासाठी कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.